मातीला प्रश्न विचारणारा माणूस : डॉ. ह. धी. सांकलिया

विहाराच्या स्मरणिकेत दरवर्षी भगवान बुद्ध, सम्राट अशोक, जोतीराव, शाहू महाराज आणि बाबासाहेब यांच्यावर लेख असतातच, आणि ते असायलाच हवेत. यंदा आम्ही त्यांच्या जोडीला एका वेगळ्याच माणसाचे चरित्र द्यायचे ठरवले. हा माणूस बौद्ध नव्हता. आपल्या चळवळीशी त्याचा काही संबंध नव्हता. सभा-मोर्चात तो कधी दिसला नाही. तो आयुष्यभर माती खणत राहिला. तरीही त्याची ओळख आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना व्हावी असे आम्हांला वाटते, कारण आपला इतिहास ज्या जमिनीखाली गाडला गेला ती जमीन कशी वाचायची, हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना त्याने शिकवले.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. घराणे गुजराती, वकिलांचे. मूल दिवस भरण्याआधीच जन्मले होते, इतके अशक्त की ते जगेल असे घरच्यांना वाटत नव्हते. पण जगले, आणि चांगले ऐंशी वर्षे जगले. पुढे याच कमजोर शरीराने नर्मदा, प्रवरा, घोड अशा नद्यांचे काठ उन्हातान्हात पायी तुडवले. हे वाचल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मान हलवली आणि म्हणाले, प्रकृतीचं निमित्त सांगणाऱ्या पोरांना हे आधी वाचून दाखवा!

शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या एका ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे होते, असे त्यात वेदांच्या आधारे मांडले आहे. पोराच्या डोक्यात तेच बसले. आर्य कोण, ते कुठून आले, याचा आपण शोध लावायचा. टिळकांना संस्कृत आणि गणित येत होते, म्हणून आपणही तेच शिकायचे! संस्कृत ते शिकलेच, पुढे कायद्याची पदवीही घेतली. पण वकिलीच्या पिढीजात वाटेने ते गेले नाहीत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू इतिहास संशोधनाची संस्था चालवीत. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी एम. ए. साठी प्रबंध लिहिला. विषय होता नालंदा विद्यापीठ.

आता इथे जरा थांबू या. आर्यांच्या मागे निघालेल्या या तरुणाचे पहिले मोठे काम बुद्धविहारावर झाले, ही गोष्ट आम्हांला लाख मोलाची वाटते. तो प्रबंध १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. नालंदेचे उत्खनन सरकारी पुरातत्त्व खात्याने १९१५-१६ मध्ये सुरू केले होते, म्हणजे भिंती, विहार, चैत्य तेव्हा नुकतेच उजेडात येत होते. दुसरीकडे ह्युएन त्संग आणि इत्सिंग या चिनी भिक्षूंची वर्णने होती. ह्युएन त्संगाने लिहून ठेवले आहे की नालंदेच्या दारातच परक्या विद्वानाची परीक्षा घेतली जाई आणि पुष्कळांना तिथूनच परत फिरावे लागे. आत व्याकरण होते, तर्क होता, वैद्यक होते, शिल्पविद्या होती, अध्यात्म होते. धम्म शिकायला आलेल्या भिक्षूला रोग्याची नाडीही कळावी आणि वादात हेतू कसा मांडावा हेही कळावे, अशी तिथली रीत. एकाच विद्येला चिकटून बसलेला माणूस नालंदेत अर्धाच शहाणा मानला गेला असता. सांकलियांच्या पुढच्या कामाकडे पाहिले की तरुणपणी केलेला हा अभ्यास त्यांच्या अंगात भिनला असावा असे आम्हांला वाटते.

नंतर ते लंडनला गेले. तिथल्या विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. केली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट घडली ती वर्गाबाहेर. इंग्लंडात मेडन कॅसल नावाच्या जुन्या किल्ल्यावर मॉर्टिमर व्हीलर यांचे उत्खनन चालू होते. तिथे त्यांनी हातात कुदळ घेऊन शिक्षण घेतले. थर म्हणजे काय, एक थर दुसऱ्यावर कसा बसतो, वरचा थर नवा आणि खालचा जुना हे ओळखून प्रत्येक खापराची नोंद कशी ठेवायची, हे व्हीलरसाहेबांकडून शिकावे. हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले.

१९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि सांकलिया तिथे प्राध्यापक झाले. या कॉलेजची पूर्वपीठिका आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. त्याचे मूळ १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या पाठशाळेत आहे. पेशव्यांच्या दक्षिणा फंडाच्या पैशातून, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी, शास्त्रे शिकवायला ती काढली होती. त्याच रोपट्याच्या झाडाखाली सव्वाशे वर्षांनी एक प्राध्यापक बसला आणि पोथीत काय लिहिले आहे त्याआधी मातीत काय आहे ते पाहू, असे म्हणू लागला. काळ असा उलटतो.

सुरुवातीला सगळे साधेच होते. पैसा थोडा, माणसे थोडी. पण १९४० नंतरच्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे जे घडले त्यातून सांकलियांची पद्धत घडली. महेसाणा जिल्ह्यातल्या या गावाजवळच्या वाळूच्या टेकाडात बारीक दगडी हत्यारे सापडत. खणताना माणसांचे सांगाडे निघाले. आता सांगाडा काय सांगतो हे संस्कृतच्या पंडिताला कसे कळणार? त्यांनी सरळ आपल्याच संस्थेतल्या इरावतीबाई कर्व्यांना बोलावले. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. दोघांनी मिळून १९४५ मध्ये अहवाल काढला. पुढे लंडन विद्यापीठाचे प्रा. झॉयनर १९४९ मध्ये आले आणि नदीकाठच्या गाळाचे, वाळूचे थर तपासून हवामान केव्हा कोरडे होते, केव्हा ओले, हे त्यांनी लावून दाखवले. लांघणजला गेंड्याच्या खांद्याचे हाडही मिळाले. आज तिकडे गेंडा कुठला! पण हाड खोटे बोलत नाही. त्या काळी तिथे पाणी होते, गवत होते. एक हाड, एक वाळूचा थर आणि एक दगडाची कपची तिघांना विचारले तेव्हा एक गोष्ट कळली.

इथपासून सांकलियांचा नियमच झाला. आपल्याला जे कळत नाही ते ज्याला कळते त्याच्याकडे न्यायचे, मग तो दुसऱ्या संस्थेत असो, दुसऱ्या विद्यापीठात असो की दुसऱ्या देशात. आज सगळेच असे म्हणतात. तेव्हा एका विद्यापीठाचे प्राध्यापक दुसऱ्याच्या टेकाडावर पाऊल टाकायला संकोचत, आणि इतिहासाच्या माणसाने वनस्पतीच्या माणसाकडे जाणे म्हणजे कमीपणा वाटे.

महाराष्ट्रात त्यांनी एकामागून एक गावे खणली. १९४५-४६ मध्ये मो. गं. दीक्षित यांच्यासह कोल्हापूरची ब्रह्मपुरी, पंचगंगेच्या काठची. तिथे सातवाहन काळातले नांदते गाव उजेडात आले. (त्याच १९४६ साली बाबासाहेबांचा शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आर्यवंशाच्या सिद्धान्ताची त्यांनी ग्रंथांच्या आधारे चिरफाड केली आहे. एकाच सुमारास एकजण ग्रंथ तपासत होता, दुसरा जमीन. दोघांची भेट झाली असती तर काय बोलणे झाले असते, याची आम्ही नुसती कल्पनाच करतो.) मग १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे. नाशिकची पांडवलेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती लेणी कोरणाऱ्यांच्या, दान देणाऱ्यांच्या आधीही गोदावरीकाठी लोक राहत होते, याचे थर तिथे सापडले. आणि जोर्व्याने तर महाराष्ट्राच्या इतिहासाची पाटीच बदलली. तोवर महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सांगायची पद्धत होती. जोर्व्याच्या लाल भांड्यांनी, त्यांच्यावरच्या काळ्या नक्षीने आणि तांब्याच्या कुऱ्हाडींनी तो आणखी हजारभर वर्षे मागे नेला. आज जोर्वे संस्कृती हे नाव जगभरच्या पुस्तकात आहे.

मग नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली असे मानतात तेच हे प्रवरेकाठचे नेवासे. तिथल्या लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ खणले. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी तर सापडले, पण मण्यांच्या आत दोऱ्याचा बारीकसा अवशेष राहिला होता. दुसऱ्या एखाद्याने झटकून टाकला असता! सांकलियांनी तो मुंबईत माटुंग्याच्या कापूस संशोधन प्रयोगशाळेत पाठवला. तिथे गुलाटी नावाच्या तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की धाग्यात रेशीम आहे, आणि कापूसही आहे. तीन हजार वर्षांहून जुन्या, प्रवरेकाठच्या कुडाच्या घरातल्या आईने आपल्या मेलेल्या लेकराच्या गळ्यात रेशमी धाग्यात ओवलेली माळ ठेवली होती. कापडगिरणीला कापूस कसा लागतो ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेने एका आईचे दुःख आपल्यापर्यंत पोचवले, यापरते आणखी काय सांगावे?

पण या पद्धतीचे खरे मोठे रूप दिसले ते नर्मदेवर. महेश्वरच्या समोर, नदीच्या दक्षिण तीरावर नावडाटोली आहे. १९५२-५३ मध्ये डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून हे काम हाती घेतले. बडोद्याकडून पुढाकार होता सुब्बाराव यांचा. ते सांकलियांचेच विद्यार्थी, बडोद्यात पुरातत्त्वाचा विभाग उभारणारे. १९५७ ते १९५९ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर खोदले. दोन विद्यापीठांची पोरे एकाच चरात उतरली, एकाच तंबूत झोपली.

वाचकांना हे काम कसे चालते ते थोडे सांगायला हवे, नाहीतर नुसती नावेच कळतील. जुन्या गावाच्या जागेला आपल्याकडे पांढर म्हणतात. घरे पडतात, त्यांच्या मातीवर नवी उठतात, राख-शेण-खापऱ्या साचतात आणि हजार वर्षांत टेकाड होते. त्यात चौकोनी चर घेतात. कुदळ हलक्या हाताने चालवायची, मग सुरी, मग ब्रश. माती चाळणीतून चाळायची. चुलीजवळ जळके दाणे मिळाले तर ते लखनौला बिरबल सहानी संस्थेत विष्णू-मित्रे यांच्याकडे गेले. ते वनस्पतींचे जाणकार. नावडाटोलीच्या दाण्यांत त्यांना गहू दिसला, पुढच्या काळातल्या थरात तांदूळ, शिवाय मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाखेची डाळ, जवस आणि बोरे. म्हणजे आपल्या घरच्या डब्यातले निम्मे अधिक धान्य साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चुलीवर शिजत होते! जळका कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला. झाड जिवंत असते तोवर हवेतला एक विशिष्ट कार्बन घेत राहते. ते तुटले की तो कार्बन ठरावीक गतीने घटू लागतो, सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजले की वय निघते. ते मोजणाऱ्याला वेदांत काय लिहिले आहे याच्याशी देणेघेणे नसते, हाच त्याचा मोठा गुण. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी सोय झाली आणि आपले नमुने आपल्याच देशात तपासले जाऊ लागले.

राजस्थानात उदयपूरजवळच्या आहाड येथे १९६१-६२ मध्ये तर तीन ठिकाणची माणसे एकत्र आली. डेक्कन कॉलेज, राजस्थानचे पुरातत्त्व खाते आणि थेट ऑस्ट्रेलियातले मेलबर्न विद्यापीठ. तिथल्या तांब्याच्या वस्तू बडोदे विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे यांनी तपासल्या. ते रसायनशास्त्रातून पुरातत्त्वाकडे आलेले.

एवढे सगळे कौतुक करताना एक गोष्ट आम्हांला खटकते, तीही लिहितो. अहवालांत प्राध्यापकांची नावे येतात, प्रयोगशाळांची येतात. चरातली घमेली डोक्यावरून वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात. मातीचा पोत बदलला हे पहिल्यांदा ज्याच्या कुदळीला कळते तो गावचा मजूर असतो. विद्यापीठांच्या सहकार्यात तोही एक भागीदार आहे, असे आमचे मत.

आर्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. सांकलियांनी तो शोध सोडला नाही. नावडाटोलीला लांब तोटीची भांडी मिळाली तेव्हा त्यांना इराणातल्या भांड्यांची आठवण झाली आणि तिकडून लोक आले असावेत असे त्यांनी सुचवले. पुढच्या संशोधकांनी हे फारसे मानले नाही. पण जे म्हणायचे ते पुराव्यासकट मांडायचे, म्हणजे दुसऱ्याला ते खोडताही येते, ही त्यांची रीत होती. १९७३ मध्ये त्यांनी रामायणावर पुस्तक लिहिले. त्यातले वर्णन एका काळातले नाही, पुष्कळ भाग नंतर घातलेला आहे आणि लंका सिंहलद्वीपात नसून मध्य भारतात कुठेतरी असावी, असे त्यांचे म्हणणे. त्यावर वाद झाला. स्वतः संस्कृतात मुरलेला, परंपरेत वाढलेला माणूस हे लिहीत होता, म्हणून लोकांना जास्त झोंबले. कालामांना भगवंतांनी जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, ते या गुजराती पंडिताने आपल्या परीने पाळले असे आम्ही म्हणतो. त्यांनी स्वतः तसे म्हटले असते की नाही, कोण जाणे.

आता आपल्या अगदी जवळचा विषय. सांकलियांच्या तालमीत तयार झालेली माणसे ठिकठिकाणी गेली आणि त्यांच्या हातून बुद्धधम्माचा गाडलेला ठेवा वर आला. बडोदे विद्यापीठाने १९६० ते १९६३ मध्ये गुजरातेत शामळाजीजवळ देवनी मोरी येथे खोदकाम केले. धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी ती जागा खणली गेली म्हणून बरे! तिथे महास्तूप आणि विहार निघाला आणि स्तूपाच्या पोटात दगडी करंडक मिळाला. त्यात दशबलाचे, म्हणजे भगवान बुद्धांचे धातू आहेत असे त्यावर कोरलेले आहे. जागा पाण्याखाली गेली, करंडक बडोद्याच्या विद्यापीठाकडे राहिला. सुब्बाराव मात्र १९६२ मध्येच गेले.

दुसरे शिष्य शां. भा. देव. जोर्वे, नेवासे, नावडाटोली या सगळ्या चरांत ते सांकलियांबरोबर होते. पुढे नागपूर विद्यापीठात गेले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनीला उत्खनन केले. देव आणि ज. प. जोशी यांनी ते चालवले. जगन्नाथ टेकडी म्हणून जिला लोक ओळखत होते तिच्या पोटात विशाल स्तूप निघाला. दगडी कठड्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे निघाली. एका खांबावर मुचलिंद नागराज कोरलेला, खाली त्याचे नावही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ मध्ये लाखो लोकांनी धम्म स्वीकारला तेव्हा, तुम्ही हा कुठला परका धर्म आणला, असे टोमणे आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले आहेत. त्याच विदर्भात, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, साधी गृहस्थ माणसे आपल्या नावाने स्तूपाला दगड देत होती. तेरा-चौदा वर्षांनी जमिनीने स्वतःच उत्तर दिले, आणि ते ऐकायला दोन संस्थांनी मिळून कान दिला.

सांकलियांचे शेवटचे मोठे काम इनामगावचे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ मध्ये ते सुरू झाले आणि १९८३ पर्यंत चालले. एकाच गावाच्या मागे इतकी वर्षे! म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी हे त्यांचे सोबती. शंभराहून अधिक घरे, दोनशेहून अधिक दफने. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडत, बहुधा मेलेला परत येऊ नये म्हणून. लोक सातू पिकवत, नदीचे पाणी पाट काढून आणत. मग पाऊस कमी होत गेला, चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. हे सारे एकट्या पुरातत्त्ववाल्याला सांगता आले नसते. हाडे, दात, दाणे, गाळ प्रत्येकाचा वेगळा जाणकार होता. त्यातले पुष्कळजण आता डेक्कन कॉलेजातच तयार झाले होते, आणि दातांचा अभ्यास करायला अमेरिकेतले तज्ज्ञही आले.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७८ मध्ये आत्मचरित्र आले. लिहिणे थांबले नाही. गुजरातीतही लिहिले, आणि म. श्री. माटे यांच्याबरोबर महाराष्ट्रातील पुरातत्त्वावरचे मराठी पुस्तकही संपादित केले. इनामगावचा मोठा अहवाल १९८८ मध्ये निघाला, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

इनामगावच्या वस्तू पुण्यात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. विहाराच्या धम्मवर्गाची मुले यंदा वर्षावास संपल्यावर तिथे न्यायची आणि त्यानंतर जमल्यास पवनीला, असा विचार आहे. ज्या पालकांना पोरांबरोबर यायचे असेल त्यांनी विहारात नावे द्यावीत. डबा आपापला आणावा.